बहुधा विधीसाठी

आमच्या संग्रहालयाच्या नव्या संचालकबाईंनी रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी 'बहुधा' या शब्दावर बंदी घातली, आणि तिथपासून माझे ग्रह फिरले.

तसा मी निरुपद्रवी माणूस. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला 'लहान धातुवस्तू' नावाचं एक दालन आहे, ते तेवीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. तळमजल्यावर मोठे दगडी पुतळे आहेत, दुसऱ्या मजल्यावर सोन्याची नाणी आणि तलवारी आहेत. लोक ते सगळं बघून दमतात आणि तिसऱ्या मजल्यावर येतात ते केवळ तिथे स्वच्छतागृह आहे म्हणून. परत जाताना हात पुसत पुसत माझ्या कपाटाकडे एक नजर टाकतात. कपाटात दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची रोजच्या वापरातली अवजारं आहेत. सुया, गळ, चिमटे, वस्तरे, टोचे, किल्ल्या. एकूण एकशे बारा. तलवार चालवणाऱ्याच्या पायातही कधीतरी काटा मोडलाच असेल, आणि तेव्हा त्याच्या कामाला तलवार आली नाही, माझ्या कपाटातला चिमटाच आला. हे मी लोकांना सांगायला लागलो की लोक घड्याळ बघतात.

या एकशे बारांपैकी अठरा वस्तू कशासाठी होत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या आधीच्या माणसाने त्यांच्या चिठ्ठ्यांवर 'उपयोग : बहुधा विधीसाठी' असं लिहून ठेवलं होतं. ही आमच्या धंद्यातली जुनी सोय आहे. जुन्या काळच्या माणसाने एखादी गोष्ट का केली ते कळलं नाही, की त्याने ती देवासाठी केली असं धरून चालायचं. देव तक्रार करत नाही.

संचालकबाई मात्र करत होत्या.

"बहुधा म्हणजे आपल्याला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि माहीत नसेल तर आपण इथे कशाला आहोत?"

प्रश्न बिनतोड होता. गेली तेवीस वर्षं मी तो स्वतःला न विचारण्याची काळजी घेत आलो होतो.

"महिनाअखेर विश्वस्त येणार आहेत. तोवर अठराच्या अठरा चिठ्ठ्या बदलून हव्यात. ज्या वस्तूचा उपयोग सांगता येणार नाही, ती तळघरात जाईल."

"आणि वस्तूबरोबर तिची यादी ठेवणारा माणूसही," शेजारी उभे असलेले कार्यालय अधीक्षक म्हणाले. "वस्तू एक असो की अठरा, तळघराला एक राखणदार लागतो. जागा रिकामीच आहे."

ती जागा का रिकामी होती ते मला माहीत होतं. आमचे एक सहकारी आठवडाभरासाठी म्हणून यादी करायला तळघरात गेले होते. ते तिथूनच निवृत्त झाले. निरोपसमारंभाला वर आले तेव्हा दिवसाच्या उजेडाने त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि सगळ्यांना वाटलं त्यांना गहिवरून आलंय.

मी अठरा वस्तूंची मापात चित्रं काढली आणि घरी घेऊन गेलो. पुस्तकं चाळायची, टिपणं काढायची, असा माझा बेत होता. जेवणाच्या टेबलावर चित्रं मांडली. बायको दूध तापवत होती. तिने मान वळवून पाहिलं.

"हे कानकोरणं इथे कशाला काढलंय?"

"कानकोरणं नाही ते. पुजाऱ्याची शलाका आहे."

"कुणी सांगितलं?"

"बहुधा," मी म्हणालो.

"टोकाला एवढीशी वाटी, दांडा वीतभरही नाही. पुजारी याने काय करणार? कानच कोरणार." तिने दुसरं चित्र उचललं. "ही नाडी ओवायची. पायजम्याची नाडी आत गेली की मी घरभर हेच शोधत असते. मेलं एक जपून ठेवत नाही कुणी. आणि हा चाप आहे, चिरगुटं एकत्र धरून ठेवायचा."

दूध वर यायच्या आत तिने सात वस्तूंचा निकाल लावला. मी अर्थात मान्य केलं नाही. पदवीधर माणसाला काही मर्यादा असतात. पण सात चिठ्ठ्या मात्र गुपचूप लिहून काढल्या.

चूक माझी एवढीच झाली की उरलेल्या अकरा चित्रांचे फोटो तिने आमच्या इमारतीच्या ग्रुपवर टाकले, तेव्हा मी तिला अडवलं नाही. त्या ग्रुपवर एरवी पाण्याची वेळ आणि कुणाची तरी चुकीच्या जागी लावलेली गाडी, यापलीकडे काही येत नाही. लोक भुकेलेले होते. तासाभरात अकरा वस्तूंचे साठ उपयोग आले. पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंना अकराही वस्तू शिवणकामाच्या वाटल्या. समोरच्या दंतवैद्यांना त्या दातांच्या वाटल्या, आणि त्यांनी प्रत्येकीने किती दुखलं असेल तेही लिहिलं. निवृत्त फौजदारसाहेब तर वही घेऊन घरीच आले.

"ही चोराची हत्यारं आहेत," ते म्हणाले. "अकराही. तुमचं संग्रहालय म्हणजे एका जुन्या चोराचा मुद्देमाल आहे."

"पण त्यात एक कंगव्यासारखं काहीतरी आहे, साहेब."

"चोराला केस नसतात का?"

मला वाटलं होतं या गोंधळातून काही हाती लागणार नाही. पण गंमत अशी, की आठवडाभर भांडून भांडून लोकांनी दहा वस्तूंवर एकमत केलं. शिवणकामवाल्या बाईंनी चार मिळवल्या, दंतवैद्यांनी दोन, इमारतीखालच्या न्हाव्याने तीन, आणि एक कुलपाचा खिळा खरंच फौजदारसाहेबांना द्यावा लागला. मी ग्रंथालयात बसून ताडून पाहिलं. दहाही बरोबर होत्या. हे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. पण जे तेवीस वर्षांत मला सुचलं नाही ते इमारतीतल्या माणसांना जिन्यात उभ्या उभ्या सुचलं, ही गोष्ट गिळायला जरा जड गेली.

राहिली एकच. सत्तावन्न नंबर.

सत्तावन्न नंबरवर माझा जीव होता. नोकरीला लागल्यावर माझ्या हाताने साफ केलेली ती पहिली वस्तू. काशाची, बोटापेक्षा थोडी लांब, बारीक कांडी. दोन्ही टोकांना सापाच्या जिभेसारखी दोन-दोन पाती फुटलेली, आणि गंमत म्हणजे एका टोकाची पाती आडवी असली तर दुसऱ्या टोकाची उभी. याचं काय करायचं ते कुणालाच सांगता येईना. शिवणकामवाल्या बाईसुद्धा गप्प बसल्या. जाता जाता म्हणाल्या, "चित्रावरून कळत नाही हो. हातात धरल्यावर हाताला आपोआप कळतं."

हे मला पटलं. पण मूळ वस्तू बाहेर काढायची तर सात सह्या लागतात, आणि सहावी सही करणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. म्हणून मी चित्र घेऊन नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेलो आणि हुबेहूब तशीच एक पितळी कांडी करून घेतली. किल्लीवाला हौशी निघाला. त्याने ती कसल्याशा पाण्यात बुडवून हिरवट काळी करून दिली.

"जुनी दिसायला हवी ना, साहेब," तो म्हणाला. "नाहीतर तुमच्या कामाची वाटणार नाही."

मी त्याला शाबासकी दिली. माणसाने शाबासकीसुद्धा विचार करून द्यावी.

आता इथे आमच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. अण्णा आमच्याकडेच राहतात. पस्तीस वर्षं शाळेत खेळाचे मास्तर होते. अजून पहाटे उठून जोर काढतात आणि मला 'जावईबापू' म्हणतात. या शब्दात आदर किती असावा हे म्हणणाऱ्याच्या आवाजावर असतं. माझ्या नोकरीला ते 'चमचे राखणं' म्हणतात. आठवडाभर घरात एवढी वर्दळ चालली होती, पण अण्णा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही. बायको मला दोनदा म्हणाली, "अण्णांनाही दाखवा की." मी म्हणालो, "बघू." चमचे राखणाऱ्यालाही थोडा मान असतो.

त्या दिवशी कांडी टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर अण्णा गॅलरीत बसले होते. कांडीच्या दोन्ही टोकांच्या पात्यांमधून त्यांनी सुतळी उभी गुंडाळून घेतली होती, डाव्या हातात माझी पट्टी धरली होती, आणि कांडी त्यांच्या बोटांतून अशी ये-जा करत होती की डोळ्यांना पुरे दिसत नव्हती. मांडीवर तळहाताएवढं जाळं तयार झालं होतं. प्रत्येक भोक सारखं.

"ही जाळं विणायची सुई आहे, जावईबापू," ते वर न बघता म्हणाले. "आमची लाकडाची होती. व्हॉलीबॉलचं जाळं शाळा कधी विकत आणत नसे. मीच विणायचो."

"मग अण्णा, इतके दिवस बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं?"

मी जाळ्याचा तुकडा आणि कांडी खिशात घातली आणि धावतच संग्रहालय गाठलं. कपाटाच्या काचेला कांडी लावून पाहिली. तीच. पात्यांची दिशा तीच, गुंडाळायची जागा तीच. मूळ कांडीच्या पात्यांच्या आतल्या बाजूला दोरा घासून पडलेली झीजसुद्धा दिसली. तेवीस वर्षं ती मी रोज पाहत होतो आणि चिठ्ठीवर तिला 'ओरखडे' म्हणत होतो.

संचालकबाई बाहेर गेल्या होत्या. म्हटलं, उद्या सांगू. संध्याकाळी निघालो तर दारातल्या पहारेकऱ्याने मला अडवलं. या पहारेकऱ्याने जन्मात कुणाची झडती घेतलेली नाही. पण संचालकबाईंनी सकाळीच त्याची हजेरी घेतली होती, आणि त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. त्याने माझ्या खिशातून कांडी काढली आणि दिव्यासमोर धरली.

"साहेब, ही तुमच्या कपाटातली."

"नाही रे. ही नाक्यावरच्या किल्लीवाल्याची."

त्याने कांडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने अधीक्षकांना फोन लावला.

अधीक्षक आले. कपाट उघडलं. सत्तावन्न नंबर जागेवर होता. मोजदाद झाली, एकशे बारा भरल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"हे तर जास्त वाईट आहे," अधीक्षक म्हणाले.

"का?"

"एखादी वस्तू कमी भरली तर त्याला अर्ज आहे. पाच प्रतींत. जास्त भरली तर काय करायचं? त्याला अर्जच नाही."

"पण ही माझी आहे. मी सकाळी बाहेरून आणली."

"आवक नोंदवहीत आहे?"

"नाही."

"आत आल्याची नोंद नाही, म्हणजे ती आतच होती," अधीक्षक म्हणाले, आणि इतक्या सहजपणे म्हणाले की क्षणभर मलाही वाटलं, असेल बुवा. किल्लीवाल्याला साक्षीला आणलं तर उलटंच झालं. पोलिसांचं लफडं असेल या भीतीने त्याने ही वस्तू आपण पाहिलीच नाही असं सांगितलं. तीन दिवस पत्रव्यवहार झाला. शेवटी तोडगा असा निघाला की वस्तू दालनात जमा करून घ्यायची. मी माझ्याच हाताने चिठ्ठी लिहिली. वस्तू क्रमांक एकशे तेरा. प्राप्तिस्थान : कर्मचाऱ्याचा खिसा, उजवा.

संचालकबाईंना मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सुईचं मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण विश्वस्तांना तुमच्या सासऱ्यांचा हवाला कसा देऊ? त्यांना इथे येऊन करून दाखवायला सांगा."

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी पेपरची घडी घातली.

"लेखी बोलावणं हवं."

"अण्णा, मीच सांगतोय ना."

"तुम्ही घरचे. संस्थेचं पत्र हवं. शिक्का हवा."

पत्र तयार करायला गेलो तर अधीक्षकांकडे पाहुणा तज्ज्ञ बोलावण्याचा जो नमुना होता, त्याला तीन प्रबंध जोडावे लागत होते. अण्णांच्या नावावर प्रबंध नव्हता, आंतरशालेय कबड्डीचं एक ढाल-प्रमाणपत्र होतं. ते चालेना. दुसरा एकच नमुना होता, बाहेरचा कारागीर बोलावण्याचा. त्यामुळे अण्णा आमच्या संग्रहालयात आले ते 'नळदुरुस्ती' असं लिहिलेला पास शर्टाला लावून. पत्रावर शिक्का होता म्हणून त्यांनी बाकीचं वाचलं नाही. पहिल्या दिवशी दोघाजणांनी त्यांना स्वच्छतागृहाची वाट दाखवली. अण्णांना वाटलं, इथली माणसं फार अगत्याची आहेत.

पंधरा मिनिटांचं काम होतं. पण अण्णांनी विणायला घेतलं ते आमच्या गॅलरीच्या मापाचं जाळं. गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता, बायको दोन वर्षं जाळी जाळी करत होती, आणि एकशे तेरा नंबरची सुई काही घरी जाणार नव्हती.

"मग मीच येत जाईन," अण्णा म्हणाले.

ते रोज अकराला यायचे. कपाटाशेजारी माझी खुर्ची होती, तिच्यावर बसायचे. सुई कपाटाच्या कडीला दोरीने बांधलेली, बँकेतल्या पेनासारखी. स्वच्छतागृहातून हात पुसत बाहेर येणारी माणसं थबकायला लागली. मग त्यांना बघून दुसरी थांबायला लागली. अण्णा त्यांना गाठ कशी मारायची ते दाखवायचे, आणि दाखवता दाखवता कपाटातली एकेक वस्तू सांगायचे. कानकोरणं, नाडी ओवायची सळी, काट्याचा चिमटा. काचेला कुणी हात लावला तर खिशातली शिट्टी वाजवायचे. मी तेवीस वर्षं जे सांगत होतो तेच ते सांगत होते. फरक एवढाच की लोक घड्याळ बघत नव्हते.

मी उभा असायचो. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय भरून यायचे, आणि घरी आल्यावर अण्णा म्हणायचे, "आज गर्दी होती बुवा," तेव्हा मला मान हलवावी लागायची.

विश्वस्त आले. वयस्कर, मितभाषी गृहस्थ. पुतळे त्यांनी दहा मिनिटांत उरकले, आणि माझ्या दालनात पाऊण तास रमले. अण्णांच्या मागे उभे राहून त्यांनी स्वतः चार गाठी मारून पाहिल्या. दोन सुटल्या. मग अण्णांचा हात हातात घेऊन विचारलं, "किती वर्षं सेवा झाली आपली?"

"पस्तीस," अण्णा म्हणाले. खोटं नव्हतं.

"अशी माणसं आता राहिली नाहीत," विश्वस्त संचालकबाईंना म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "जरा पाणी मिळेल का?"

मी पाणी आणलं. थंड हवं होतं, म्हणून परत जाऊन थंड आणलं.

अठराही चिठ्ठ्या मंजूर झाल्या. तळघराची जागा रिकामीच राहिली. वस्तू तळघरात नेण्याविषयी पुन्हा कुणी बोललं नाही, उलट आमच्या मजल्याला दुसरा पंखा मिळाला. पंखा अण्णांच्या बाजूला लावला.

दोन दिवसांनी जाळं पुरं झालं. अण्णांनी शेवटची गाठ दातांनी ओढून घट्ट केली, जाळं झटकलं, घडी घातली. ते बाहेर न्यायला मी रीतसर अर्ज केला. शहाणपण आलं होतं. अधीक्षकांनी अर्ज दोनदा वाचला.

"सुतळी तुमची?"

"आमची. हे बिल."

"आणि विणलं कुठे?"

"इथेच."

"कशाने?"

मी बिलाची घडी घातली. त्यांनीही माझी कीव येऊन पुढचं वाक्य हळू आवाजात म्हटलं. संस्थेच्या जागेत संस्थेच्या अवजाराने तयार झालेली वस्तू संस्थेची. तसा नियमच आहे, आणि तो छापलेला आहे.

हे घरी कसं सांगावं ते मला सुचेना. बायकोला फोन केला. मागून कबुतरांचं घुमणं ऐकू येत होतं. मग ती एवढंच म्हणाली, "अण्णांना सांगताना तुम्ही जवळ बसा. बाहेरच्याने सांगायला नको."

मी वर गेलो. अण्णा घडी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. मी सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, माझ्या नोकरीचा एकदा उद्धार करतील. ते नुसते जाळ्यावरून हात फिरवत राहिले.

"म्हणजे हे इथे राहणार," थोड्या वेळाने म्हणाले. "कपाटात."

"हो."

"बरं."

मी चिठ्ठी लिहायला घेतली. वस्तू क्रमांक एकशे चौदा. जाळे. साहित्य : सुतळी. उपयोग : कबुतरांपासून संरक्षण. चिठ्ठीच्या तळाला 'कर्ता' असा एक रकाना असतो. एकशे तेरा वस्तूंच्या चिठ्ठ्यांवर त्यात मी 'अज्ञात' असं लिहिलेलं आहे. इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप तिकडे वळला. मी थांबलो. मग अण्णांचं नाव लिहिलं. आधी नुसतं नाव लिहिलं, मग त्यांच्या वडिलांचं लिहिलं, मग आडनाव. जागा पुरेना म्हणून 'खेळशिक्षक' दुसऱ्या ओळीत घेतलं. चिठ्ठी कपाटात लावली आणि काच बंद केली.

अण्णा उठले. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि वाकून वाचलं. एवढीशी चिठ्ठी, पण त्यांना वाचायला फार वेळ लागला. दालनात आम्ही दोघंच होतो. पंखा फिरत होता.

"अक्षर बरं आहे तुमचं," ते म्हणाले.

लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्यातली एखादी गोष्ट बरी असल्याचं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काहीतरी बोलायला हवं होतं, पण पाय फार दुखत होते.

"दमलात का, अण्णा?" मी एवढंच विचारलं.

"मी कशाला दमतोय?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि खुर्ची माझ्या बाजूला सरकवली. "तुम्ही दमलेले दिसता. बसा थोडं. कुणी आलं तर मी सांगेन."

मी बसलो.